लंकेत जाल तर तळी पाहून या

आमच्या पिढीला सिलोन आधी कानांनी कळले. डोळखांबकडच्या गावांत ज्याच्या घरी रेडिओ असे, त्याच्या ओटीवर बुधवारी रात्री माणसे जमत आणि रेडिओ सिलोनवरची बिनाका गीतमाला ऐकत. सिलोन म्हणजे गाण्यांचे दुकान, एवढीच आमची समजूत होती. थोडे शिकल्यावर कळले की मे १९५० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर माईसाहेबांसह तिथे गेले होते. जागतिक बौद्ध बंधुत्व संघाची पहिली परिषद तेव्हा कॅंडीला भरली होती. बाबासाहेब गेले ते सत्कार घ्यायला नव्हे, तर बुद्धाचा धम्म तिथल्या माणसांच्या जगण्यात कितपत जिवंत आहे हे डोळ्यांनी पाहायला. धर्मांतराला अजून सहा वर्षे होती.

आपणही तशाच नजरेने जावे, म्हणून हा लेख.

१९७२ पासून या देशाचे नाव श्रीलंका. आकार महाराष्ट्राच्या पाचव्या हिश्शाएवढा, वस्ती सुमारे सव्वादोन कोटी, आणि त्यांत दहापैकी सात माणसे बौद्ध. मुंबईहून विमानाला अडीच तासांच्या आसपास लागतात. घड्याळ बदलावे लागत नाही, आपली वेळ तीच त्यांची. सहल कंपन्या बहुधा आधी कोलंबोच्या बाजारात नेतात. ऐकू नये. विमानतळ कोलंबोच्या उत्तरेला कटुनायकेला आहे, तिथून थेट अनुराधपूरची वाट धरावी. ताजे डोळे अनुराधपूरला द्यावेत, बाजार परतताना होईल.

अनुराधपूरला इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात, म्हणजे सम्राट अशोकाच्या काळात, त्याची कन्या संघमित्रा हिने बुद्धगयेच्या बोधिवृक्षाची फांदी आणली. तो वृक्ष आजही उभा आहे. माणसाने लावलेला आणि लावल्याचा काळ ठाऊक असलेला जगातला हा सर्वांत जुना वृक्ष मानतात. फांद्यांना सोन्याच्या मुलाम्याचे आधार दिले आहेत. खाली पांढऱ्या साड्या नेसलेल्या बायका हातात कमळे घेऊन बसलेल्या असतात. त्या त्रिशरण म्हणू लागल्या आणि आमच्यातल्या आत्याबाईंनी नकळत सूर धरला. पाली तीच, चाल थोडी निराळी. शेजारच्या म्हातारीने वळून पाहिले, हसली आणि आपल्या हातातले एक कमळ आत्याबाईंना दिले. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, पण काही अडले नाही.

जवळच रुवनवेलिसाय हा पांढराशुभ्र स्तूप आहे आणि पलीकडे जेतवन. जेतवन बांधला गेला तेव्हा त्याची उंची सुमारे १२२ मीटर होती; इजिप्तचे दोन मोठे पिरॅमिड सोडले तर त्या काळच्या जगात याहून उंच इमारत नव्हती, असे सांगतात. सगळे काम विटांचे. दुपारी दगडी फरशी अशी तापते की चप्पल काढून चालताना नाचायची वेळ येते. जाड मोजे जवळ ठेवा. ते घालून चालते.

स्तूप सगळेच पाहतात. पण स्तूपाच्या उंबऱ्यावरून नजर थोडी वळवली की पाणी दिसते, आणि ते फारसे कुणी पाहत नाही. अनुराधपूर कोरड्या पट्ट्यात आहे. तिथे वर्षाला साधारण तेराशे मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्या शहापूर तालुक्यात त्याच्या जवळपास दुप्पट! तरी तिथले राज्य हजार वर्षांहून अधिक टिकले ते तळ्यांवर. तळ्याला ते ‘वेव’ म्हणतात. तिस्स वेव हे शहराचे तळे अशोकाचा मित्र राजा देवानंपिय तिस्स याच्या नावाचे आहे. त्यात पाणी येते ते कला वेव या अजस्र तलावातून. पाचव्या शतकात राजा धातुसेनाने कला वेव बांधला. तिथून निघणारा कालवा ८७ किलोमीटरचा आहे, आणि त्याच्या पहिल्या पट्ट्यात मैलाला जेमतेम सहा इंच उतार ठेवला आहे. लेव्हलचे यंत्र नसताना हे कसे साधले असेल, याचा विचार करत आम्ही काठावर बसून राहिलो.

मोठ्या तळ्याच्या पाण्याचा दाब भयंकर असतो, मोरी उघडली तर बांधच फुटेल. म्हणून बांधाच्या पोटात त्यांनी एक चौकोनी विहीर बांधली. पाणी आधी तिच्यात येते, तिथे त्याचा जोर मोडतो, मग ते पाटात जाते. हिला ‘बिसोकोटुव’ म्हणतात. पण मोठी तळी राजांची. गावांची लहान तळी निराळी, आणि ती दहा हजारांहून जास्त आहेत. वरच्या गावाच्या शेतातून झिरपलेले पाणी खालच्या गावाच्या तळ्यात, तिथले त्याच्या खालच्या तळ्यात, अशी माळ लागलेली असते.

मला सर्वांत मोलाची वाटली ती एक रीत. तिचे नाव ‘बेत्म’. ज्या वर्षी तळ्यात पाणी कमी, त्या वर्षी सगळी शेते भिजणार नाहीत हे उघडच असते. मग गाव एकत्र बसतो आणि तळ्यालगतचा जेवढा तुकडा भिजेल तेवढाच पेरायचे ठरवतो. तो तुकडा मालकी कुणाचीही असो, त्या हंगामापुरता सगळ्या शेतकऱ्यांत वाटून घेतात. ज्याचे शेत टोकाला, त्यालाही वाटा मिळतो. आता सगळीकडे ती पाळली जात नाही, पण अजून संपलेलीही नाही.

आत्याबाई तिस्स वेवच्या बांधावर पाय सोडून बसल्या होत्या. त्यांनी वाटाड्याला विचारायला सांगितले, “हे पाणी कुठल्या शहराला जातं?” त्याला प्रश्नच कळेना. दोनदा समजावल्यावर तो म्हणाला, “शेताला जातं.” मी भाषांतर केले आणि गप्प झालो. आपल्या तालुक्यातून तानसा, भातसा आणि वैतरणेच्या धरणांचे पाणी मुंबईला जाते. तानसा धरण १८९२ सालचे. आणि चैत्र-वैशाखात आपल्याच पाड्यांवर टँकरची वाट बघत हंड्यांची रांग लागते.

धातुसेनाचे पुढे काय झाले? त्याच्या मुलाने, कश्यपाने, सत्ता बळकावली आणि बापाला खजिना दाखव म्हणून दरडावले. वंशकथेत असे सांगितले आहे की राजाने त्याला कला वेववर नेले, ओंजळीत पाणी घेतले आणि हाच माझा खजिना, असे सांगितले. त्याला जिवानिशी मारण्यात आले. याच कश्यपाने सिगिरियाच्या प्रचंड खडकावर आपला राजवाडा बांधला. पायऱ्या हजाराहून जास्त. गुडघ्याच्या मंडळींनी खालचे बगीचे पाहून समाधान मानावे. मधल्या कपारीत रंगवलेल्या स्त्रिया पाहिल्या की अजिंठा आठवतो, आणि ते उगीच नव्हे. अजिंठ्याच्या १७ व्या लेण्यात सिंहल राजकुमार लंकेत उतरतो त्याचे मोठे चित्र आहे. लंकेला जाण्यापूर्वी औरंगाबादची, आताच्या छत्रपती संभाजीनगरची, वाट एकदा धरावी, म्हणजे दोन्ही चित्रे एकमेकांशी बोलतील.

कॅंडीच्या वाटेवर मातलेजवळ अलुविहार लागते. बसगाड्या तिथे थांबत नाहीत, थांबवा. तोवर मुखोद्गत असलेले त्रिपिटक इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात इथल्या गुहांत ताडपत्रावर लिहून काढले गेले. लेखणीला मान देणाऱ्या आपल्या समाजाला दंतधातूच्या विहारापेक्षा ही जागा जवळची वाटावी. कॅंडीचा तो विहार सुंदर आहेच, पण गर्दीत दर्शन क्षणाचे. ऑगस्टच्या सुमारास हत्तींची मिरवणूक निघते, पण तेव्हा आपल्याकडे आवणी उरकायची घाई असते.

भाषा फार परकी नाही. शिजलेल्या तांदळाला ‘बत्’, दाताला ‘दत’, कानाला ‘कन’, गावाला ‘गम’. आभार मानायचे तर ‘इस्तुती’. भेटल्यावर हात जोडून ‘आयुबोवन्’, म्हणजे दीर्घायुष्य लाभो. आपल्यासारखेच तेही भातखाऊ लोक. नारळाच्या दुधात शिजवलेला ‘किरिबत’ सणाला करतात आणि वडीसारखा कापून वाढतात. म्हशीचे दही मडक्यात, वर भेर्ली माडाच्या रसाची काकवी. हे खाल्ल्याशिवाय परतू नका.

दर पौर्णिमेला सरकारी सुटी. त्या दिवशी दारूची दुकाने बंद. वैशाख पौर्णिमेला रस्तोरस्ती कंदील लागतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला फुकट जेवण देणाऱ्या मांडवांना ‘दन्सल’ म्हणतात. रविवारी पांढऱ्या कपड्यांतली मुले धम्मशाळेत जाताना दिसली. आपल्या विहारांत हे व्हावे असे कितीदा बोललो आहोत!

पण बुद्धाचा देश म्हणून डोळे मिटून घेऊ नयेत. जात तिथेही आहे, आणि भिक्षुसंघातही शिरली आहे. सयाम निकायात उच्च समजल्या जाणाऱ्या गोविगम जातीलाच उपसंपदा मिळे, म्हणून वगळलेल्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ब्रह्मदेशातून दीक्षा आणून अमरपुर निकाय काढला. १९५० मध्ये बाबासाहेबांनी कोलंबोच्या टाऊन हॉलमधून तिथल्या अस्पृश्यांना धम्म स्वीकारण्याचे आवाहन केले होते, ते उगीच नाही. चहाचे मळे हिरवेगार दिसतात, पण ते खुडणाऱ्या तमिळ मजुरांना १९४८ च्या कायद्याने नागरिकत्वच नाकारले गेले, आणि तो प्रश्न मिटायला २००३ साल उजाडले. १९८१ मध्ये जाफन्याचे ग्रंथालय जाळले गेले. १९८३ ते २००९ युद्ध चालले, दोन्ही बाजूंची माणसे मेली. वाटाड्याला हे विचारले तर तो विषय बदलतो. तरी विचारावे.

निघण्याआधी पासपोर्टची मुदत तपासा, प्रवास परवान्याची रीत अधूनमधून बदलते तीही पाहून घ्या. विहारात खांदे व गुडघे झाकणारे कपडे हवेत, शक्यतो पांढरे. बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढू नका, पोलिसात देतात. आपल्या लोकांनी भाताची झोडणी उरकून जानेवारी-फेब्रुवारीत जावे. आठ दिवस पुरतात, त्यातले तीन अनुराधपूरला ठेवा. आणि तिस्स वेववर संध्याकाळी जा, तेव्हा आसपासच्या गावांतली माणसे आंघोळीला येतात.