दागिना मोडण्यापूर्वी त्याचे मोल जाणून घ्या

दागिना घ्यायचा असतो तेव्हा सारे घर उत्साहात असते. चार दुकाने पालथी घातली जातात, नमुने पाहिले जातात, घडणावळीत थोडी सूट मिळावी म्हणून तासभर घासाघीस चालते. तोच दागिना विकायची वेळ येते तेव्हा मात्र सगळेच उलटे होते. घरात कोणाचे तरी आजारपण असते, मुलीच्या कॉलेजची फी भरायची असते किंवा हातातोंडाशी आलेले पीक गेलेले असते. दागिन्यांची पुरचुंडी पर्समध्ये घालून, ओळखीचे कोणी पाहू नये अशा बेताने घरातले कोणीतरी सराफाच्या पेढीवर जाते आणि तो सांगेल तो आकडा मान्य करून परत येते.

ज्या वेळी पै न् पै मोलाची असते, नेमका त्याच वेळी हिशेब विचारण्याचा संकोच वाटतो. वास्तविक दागिन्याची किंमत काढण्यासाठी शाळेतले गणित पुरेसे आहे. निव्वळ वजन, कस आणि भाव या तीन आकड्यांचा गुणाकार करायचा आणि त्यातून सराफाची घट वजा करायची, एवढेच. हे तीन आकडे घरूनच मांडून नेले, तर पेढीवर काय चालले आहे ते कळते आणि फसगत टळते.

पावतीची रक्कम विसरा

‘आम्ही तर एवढ्याला घेतला होता!’ हे वाक्य मोड घेणाऱ्या प्रत्येक सराफाने ऐकलेले असते. खरेदीच्या पावतीवर सोन्याच्या किमतीखेरीज घडणावळ आणि कर असतो. विकताना यांपैकी काहीही परत मिळत नाही. सराफाच्या दृष्टीने कितीही सुबक नक्षीची पाटली ही आटवायच्या सोन्याची एक तार असते.

हिशेब सोपा व्हावा म्हणून शुद्ध म्हणजे २४ कॅरेट सोन्याचा भाव ग्रॅमला १०,००० रुपये धरू. (प्रत्यक्षात त्या दिवशीचा भाव घालावा.) २२ कॅरेटची १० ग्रॅमची बांगडी घेतली, तर सोन्याचे ९१,६०० रुपये होतात. घडणावळ १२ टक्के असेल तर १०,९९२ रुपये आणि एकूण रकमेवर ३ टक्के जीएसटी धरला तर बिल सुमारे १,०५,६७० रुपयांचे होते. दुसऱ्याच दिवशी तीच बांगडी ३ टक्के घट कापून विकली, तर हाती ८८,८५२ रुपये येतात. एका रात्रीत सुमारे १६,८०० रुपये गेले आणि यात कोणीही लबाडी केलेली नाही! जुन्या दागिन्यात हा तोटा वाढलेल्या भावामुळे झाकला जातो, इतकेच.

वजन: एकूण किती, निव्वळ किती?

जुन्या पावत्यांवर किंवा सासूबाईंच्या वहीत वजन तोळ्यात असते. जुना तोळा ११.६६४ ग्रॅमचा. बारा माशांचा एक तोळा आणि आठ गुंजांचा एक मासा असे ते माप होते. आता बाजारात १० ग्रॅमलाच सर्रास तोळा म्हणतात. जुन्या मापाने पाच तोळ्यांच्या पाटल्या ५८.३२ ग्रॅमच्या असतात, पण पाच तोळे म्हणजे ५० ग्रॅम असे धरून चालणाऱ्याला मधले आठ ग्रॅम कधी आठवतच नाहीत. म्हणून बोलणी नेहमी ग्रॅममध्ये करावी.

दुसरी गोष्ट निव्वळ वजनाची. काट्यावर दिसते ते एकूण वजन. त्यातून खडे, मोती, काळे मणी, मीना आणि लाख वजा केली की उरते ते सोने. कोल्हापुरी साज, बोरमाळ, मंगळसूत्राच्या वाट्या अशा दागिन्यांत आतून लाख भरलेली असते. वरचा पत्रा पातळ आणि आत लाख, त्यामुळे दागिना हाताला भरीव लागतो, पण आटवल्यावर सोने बरेच कमी भरते. मूळ पावतीवर दोन्ही वजने लिहिलेली असतील तर भांडणच उरत नाही. पावती नसेल तर सराफ अंदाजाने वजन कापतो आणि असा अंदाज सहसा सराफाच्याच बाजूने झुकतो. इंदूर, बडोदे किंवा हैदराबादला राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी असे खास मराठी घडणीचे दागिने, शक्य असेल तर, ही घडण जाणणाऱ्या सराफाकडेच दाखवावेत.

दागिना नेण्यापूर्वी कोमट साबणाच्या पाण्यात मऊ ब्रशने धुऊन कोरडा करावा. मळाचे वजन सराफ कापणारच. मळच नसला तर कापायला निमित्त राहत नाही. मोती किंवा लाख असलेले दागिने मात्र पाण्यात बुडवू नयेत, मऊ कापडाने पुसावेत.

कस कसा ओळखावा?

२४ कॅरेट म्हणजे शुद्ध सोने. २२ कॅरेटमध्ये ते हजारी ९१६ भाग असते, २० कॅरेटमध्ये ८३३, १८ कॅरेटमध्ये ७५० आणि १४ कॅरेटमध्ये ५८५. सराफ ‘टंच’ म्हणतात तो याचाच टक्क्यातला आकडा. ९१.६ टंच म्हणजे २२ कॅरेट.

सोन्याच्या दागिन्यांवर भारतीय मानक ब्यूरोचे हॉलमार्क उमटवण्याची योजना २००० साली सुरू झाली. जून २०२१ पासून देशातील निवडक जिल्ह्यांत ती टप्प्याटप्प्याने सक्तीची झाली. १ एप्रिल २०२३ पासून सराफाला हॉलमार्कचे दागिने सहा अक्षर-अंकी क्रमांकाशिवाय विकता येत नाहीत. या क्रमांकाला एचयूआयडी म्हणतात. ‘बीआयएस केअर’ या मोबाइल अॅपमध्ये तो टाकला की दागिना कोणता, किती शुद्धतेचा, कोणत्या केंद्रात तपासलेला हे समोर येते. विकण्याच्या आदल्या दिवशी घरीच हे पाहून ठेवावे. दोन ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या वस्तूंना आणि कुंदन, पोलकी, जडावाच्या दागिन्यांना या सक्तीतून सूट आहे. त्यामुळे छोट्या कुड्यांवर शिक्का नसला तर दचकू नये. ‘केडीएम’ हा शिक्का मात्र हॉलमार्क नव्हे. जोडकामात कॅडमियम वापरल्याची ती खूण आहे, शुद्धतेची हमी नाही.

हॉलमार्क नसलेला जुना दागिना विकता येणारच नाही, अशी भीती अनेकींना घातली जाते. ती खोटी आहे. हॉलमार्कची सक्ती विकणाऱ्या सराफावर आहे. ग्राहकाकडचा बिनशिक्क्याचा दागिना सराफ खुशाल विकत घेऊ शकतो. प्रश्न फक्त कस किती, हा असतो.

जुन्या दागिन्यात तो बराच कमीजास्त निघतो. यामागे कधी इतिहासही असतो. चीनच्या युद्धानंतर जानेवारी १९६३ मध्ये सरकारने सुवर्ण नियंत्रणाचे नियम आणले आणि १४ कॅरेटपेक्षा अधिक कसाचे नवे दागिने घडवायला बंदी केली. हे बंधन १९६६ मध्ये उठले. त्या तीनेक वर्षांत लग्न झालेल्या आजीचा दागिना १४ कॅरेटचा निघाला, तर त्यात तिची फसवणूकच झाली होती असे समजायचे कारण नाही.

कस पाहण्याच्या तीन रीती आहेत. कसोटीच्या दगडावर रेघ ओढून आम्ल लावणे ही जुनी रीत, ती सराफाच्या नजरेवर अवलंबून असते. दुसरी क्ष-किरणांच्या यंत्राची. ती झटपट होते आणि दागिना खराब होत नाही, पण यंत्र फक्त वरचा थर पाहते. आत वेगळे काही असेल तर ते त्याला दिसत नाही. तिसरी भट्टीची. तिच्यात थोडे सोने काढून तापवून तपासतात आणि हीच सर्वांत खात्रीची. मानक ब्यूरोने मान्यता दिलेल्या तपासणी केंद्रात सामान्य ग्राहकालाही दागिना तपासून अहवाल घेता येतो. २०२२ साली सरकारने सांगितलेले शुल्क चार नगांपर्यंत २०० रुपये आणि पाच किंवा अधिक नगांसाठी नगामागे ४५ रुपये असे होते. लाखांच्या व्यवहारात हा खर्च किरकोळच म्हणायचा.

छोट्या घटी, मोठा खड्डा

आता एका उदाहरणाने पाहू. एका गृहिणीकडे २२ कॅरेटच्या ४० ग्रॅमच्या बांगड्या आहेत. ४० गुणिले ०.९१६ म्हणजे शुद्ध सोने ३६.६४ ग्रॅम. आपल्या सोयीच्या भावाने किंमत ३,६६,४०० रुपये. सराफाने सरळ २ टक्के घट धरली तर तिच्या हाती ३,५९,०७२ रुपये पडतात.

दुसऱ्या पेढीवर काय होते पाहा. मळ आणि जोडकामाचे म्हणून एक ग्रॅम कापून वजन ३९ ग्रॅम धरले. दगडावर रेघ ओढून ‘बाई, हे वीस कॅरेट आहे’ असे सांगितले. ‘मोडीचा भाव वेगळा असतो’ म्हणून ग्रॅमला २०० रुपये कमी लावले आणि शेवटी आटणीची ३ टक्के घट कापली. प्रत्येक वेळी आकडा लहानसाच वाटला, पण हाती आले ३,०८,८२१ रुपये. म्हणजे तब्बल पन्नास हजारांचा फरक!

यात सराफाचीही एक बाजू आहे. जोडकामातल्या डाखाचा कस कमी असतो, आटवताना थोडे सोने खरोखरच जाते, शुद्धीकरणाला खर्च येतो आणि त्याला व्यवहारात दोन पैसे सुटायलाही हवेत. घट धरणे गैर नाही. एकाच कारणासाठी दोनदा घट धरणे गैर आहे. जोडकामामुळे कस कमी धरला असेल, तर जोडकामाचे वजन पुन्हा का कापायचे? मोडीचा भावच कमी लावला असेल, तर आटणीचे पैसे वेगळे का? हे शांतपणे विचारता आले पाहिजे.

पेढीवर गेल्यावर

त्या दिवशीचा २४ कॅरेटचा भाव आधी पाहून जावे. इंडिया बुलियन अँड ज्वेलर्स असोसिएशन ही संस्था निरनिराळ्या शुद्धतेचे भाव जाहीर करते आणि वर्तमानपत्रातही स्थानिक भाव असतो. शहरागणिक थोडा फरक पडतो. ऐकलेला भाव २४ कॅरेटचा की २२ कॅरेटचा, करासह की कराविना, हे नक्की करावे. २२ कॅरेटच्या भावाला पुन्हा ०.९१६ ने गुणले, तर कसाची घट दोनदा धरली जाते.

निदान दोन-तीन पेढ्यांवर विचारावे. एकटीने न जाता कोणाला तरी सोबत न्यावे. काट्यावर वैधमापन खात्याचा शिक्का आहे ना आणि काटा शून्यावर आहे ना, ते पाहावे. वजन, कस, भाव आणि प्रत्येक घट कागदावर वेगवेगळी लिहून मागावी. आकडा पटल्याशिवाय दागिना आटवू द्यायचा नाही, कारण लगड झाल्यावर माघार घेता येत नाही. आटवायचाच तर तो डोळ्यांसमोर आटवावा, आधीचे आणि नंतरचे वजन स्वतः पाहावे आणि काढलेले खडे-मोती परत मागून घ्यावेत.

ज्याच्याकडून दागिना घेतला तोच सराफ बहुधा कमी घट धरतो, म्हणून पावती जपणे फायद्याचे. ‘बदलून घ्या, घट नाही’ असे सांगितले, तर नव्या दागिन्याची घडणावळ आधी विचारावी. मोडीत सोडलेले पैसे तिथे वसूल होऊ शकतात.

पैसे आणि कर

रक्कम चेकने किंवा बँकेतूनच घ्यावी आणि विक्रीची पावती जपून ठेवावी. सराफाने एका दिवसात एका व्यक्तीला १०,००० रुपयांहून अधिक रोख दिली, तर आयकरात त्याला ती खर्च म्हणून दाखवता येत नाही. एका व्यवहारात २ लाख किंवा अधिक रोख घेणाऱ्याला तर तेवढाच दंड होऊ शकतो.

नफ्यावर कर लागू शकतो. २३ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या तरतुदीनुसार २४ महिन्यांहून जास्त काळ बाळगलेल्या सोन्याच्या नफ्यावर १२.५ टक्के दराने कर आकारला जातो. त्याआधी विकल्यास नफा नेहमीच्या उत्पन्नात मिळवतात. वारसाने आलेल्या दागिन्याला मूळ मालकाची खरेदी किंमत आणि तिने तो बाळगल्याचा काळ लागू होतो. १ एप्रिल २००१ पूर्वीच्या सोन्यासाठी त्या तारखेची बाजारकिंमत खरेदी किंमत म्हणून धरता येते. रक्कम मोठी असेल तर करसल्लागाराला विचारावे.

विकायलाच हवे का?

गरज चार-सहा महिन्यांची असेल आणि पैसे येण्याची खात्री असेल, तर बँकेकडे तारण ठेवून कर्ज घेण्याचा विचार करावा. दागिना परत येतो, घडणावळही बुडत नाही. मात्र हप्ते थकले तर दागिन्याचा लिलाव होऊ शकतो. म्हणून पैसे कुठून येणार हेच ठाऊक नसेल, तर व्याज भरत बसण्यापेक्षा विकलेले बरे.

आणखी एक गोष्ट. स्त्रीला मिळालेले दागिने हे तिचे स्त्रीधन आहे आणि त्यावर तिचाच पूर्ण हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली प्रतिभा राणी विरुद्ध सूरजकुमार या खटल्यात स्पष्ट केले. म्हणून तिचा दागिना विकायचा की नाही, हे तिनेच ठरवायचे. विकला तर पावती तिच्या नावाची असावी आणि पैसे तिच्या खात्यात यावेत. संसारासाठी ते द्यायचे असतील तर तिने ते आनंदाने द्यावेत, पण किती दिले हे तिला माहीत असावे.

या सगळ्यासाठी अडचण येण्याची वाट पाहू नये. एखाद्या निवांत दुपारी कपाटातले दागिने काढून एका वहीत प्रत्येकाचे एकूण वजन, निव्वळ वजन, शिक्का, क्रमांक आणि कोणाकडून कधी आला ते लिहून ठेवावे. पावत्या त्याच वहीत चिकटवाव्यात. दागिने लॉकरमध्ये असले तरी ही वही घरात, हाताशी असावी. दागिना अडीअडचणीसाठी असतो असे आपण म्हणतो. ती अडचण येईल तेव्हा दागिन्याइतकीच ही वहीही उपयोगी पडेल.