गाडी जुनी, पण किती?

जाहिरात साधारण अशी असते : 'विक्रीस. १९२८ची बेंटली, साडेचार लिटर. संपूर्ण रिस्टोअर केलेली. व्हॅन्डन प्लास स्टाइल ओपन टूरर बॉडी. मॅचिंग नंबर्स.' सोबत फोटो. गडद हिरवा रंग, बॉनेटवर आवळलेला चामडी पट्टा, बॉडीच्या बाहेर लटकणारा हँडब्रेक आणि सायकलसारखी तारांची चाकं. किमतीच्या जागी फक्त 'संपर्क साधा'.

ब्रिटनमधल्या जुन्या गाड्यांच्या डीलर्सकडे आणि लिलावांच्या कॅटलॉगमध्ये अशा ओळी कायम दिसतात. तुम्ही-आम्ही काही ही गाडी घ्यायला निघालेलो नाही, हे उघड आहे. तरीही या दोन-तीन ओळी नीट वाचायला शिका. कारण उद्या कुणी जुनी बुलेट, जुना कॅमेरा किंवा एखादी स्कूटर दाखवून 'एकदम ओरिजिनल आहे हं!' असं म्हणेल, तेव्हा पुढचे चार प्रश्न कोणते विचारायचे, ते तुम्हाला माहीत असेल.

आधी चेसिस, मग बॉडी

हायवेवर हे दृश्य तुम्ही पाहिलंय. नवाकोरा ट्रक, पण केबिन नाही, हौदा नाही. नुसता लोखंडी सांगाडा, इंजिन आणि चाकं. डोक्याला फडकं गुंडाळून, गॉगल लावून ड्रायव्हर तो पळवतोय. कंपनीने चेसिस दिली, आता बॉडी दुसरीकडे बांधली जाणार. एसटीच्या दापोडीच्या वर्कशॉपमध्ये वर्षानुवर्षं असंच चेसिसवर बसची बॉडी चढवण्याचं काम होत आलंय.

शंभर वर्षांपूर्वी ब्रिटनमधल्या श्रीमंतांच्या गाड्याही अशाच बनायच्या. डब्ल्यू. ओ. बेंटली यांनी १९१९मध्ये कंपनी काढली. ही कंपनी चेसिस, इंजिन, गिअरबॉक्स आणि रेडिएटर विकायची. बॉडी गिऱ्हाइकाने आपल्या पसंतीच्या कोचबिल्डरकडून बांधून घ्यायची. रोल्स-रॉइसचंही तेच. बार्कर आणि हूपरसारखे जुने कोचबिल्डर मुळात घोडागाड्या बनवणारे. गाडी आली, तेव्हा घोडा गेला आणि सुतार मात्र तोच राहिला. ॲश नावाच्या झाडाच्या लाकडाचा सांगाडा करायचा आणि त्यावर हाताने ठोकून आकार दिलेले ॲल्युमिनियमचे पत्रे बसवायचे. पत्र्याऐवजी लाकडी सांगाड्यावर खास कापड ताणून बसवायची वेमन पद्धतही तेव्हा जोरात होती. त्यामुळे बॉडी हलकी व्हायची आणि कुरकुरायची नाही.

म्हणजे एकाच साली, एकाच कारखान्यातून निघालेल्या दोन बेंटली दिसायला अगदी वेगळ्या असू शकत होत्या. एक उघडी, खेळाडूछाप. दुसरी बंद, चार दारांची, डॉक्टरसाहेबांना शोभेल अशी. जाहिरातीतलं 'बॉडी' हे प्रकरण म्हणूनच इतकं महत्त्वाचं.

'स्टाइल' हा फार चलाख शब्द आहे

व्हॅन्डन प्लास हा लंडनमधला नावाजलेला कोचबिल्डर. बेंटलीच्या शर्यतीच्या गाड्यांच्या बॉडी त्यांनी बनवल्या. ल मान्सची २४ तासांची शर्यत बेंटलीने १९२४ साली आणि मग १९२७ ते १९३० अशी सलग चार वर्षं जिंकली, त्यामुळे तो उघडा, हिरवा टूरर लोकांच्या डोक्यात पक्का बसला.

आता जाहिरात पुन्हा वाचा. 'व्हॅन्डन प्लास बॉडी' असं नाही लिहिलंय. 'व्हॅन्डन प्लास स्टाइल' लिहिलंय. म्हणजे बॉडी त्यांच्यासारखी आहे, त्यांची नाही. मग त्यांची नसेल तर कुणाची? आणि मुख्य प्रश्न : आधीची बॉडी गेली कुठे?

बेंटली कंपनी १९३१मध्ये रोल्स-रॉइसने घेतली. तोपर्यंत जेमतेम तीन हजार गाड्या बनल्या होत्या आणि त्यातल्या पुष्कळशा बंद बॉडीच्या होत्या. पुढे या गाड्या नुसत्या 'जुन्या' झाल्या, स्वस्त झाल्या. लाकूड ओल धरायला लागलं, कुजलं. कुणीतरी ती जड बॉडी उतरवली, फेकून दिली आणि वर ल मान्ससारखी उघडी बॉडी चढवली. नंतर भाव वाढले, तेव्हाही बाजाराने उघड्या गाडीलाच जास्त पैसे मोजले. मग चांगल्या अवस्थेतल्या बंद बॉडीसुद्धा उतरू लागल्या. १९२०च्या दशकातली एक साधी कुटुंबवत्सल गाडी रेसिंग कारचा वेष घालून फिरायला लागली.

यात फसवणूक आहे का? विकणाऱ्याने स्पष्ट सांगितलं तर नाही. नवी बॉडी बांधणारे कारागीरही कमालीचे असतात. पण प्रत्येक वेळी एक खरी वस्तू कमी होते आणि तिच्या जागी एक सुंदर नक्कल येते. तेव्हाचे लोक खरोखर कशा गाड्या वापरायचे, हे शोधणाऱ्याला आज रस्त्यावर चुकीचं उत्तर मिळतं.

चार मिनिटांची शर्यत आणि भलतीच गाडी

वूल्फ बार्नाटो हे बेंटलीचे अध्यक्ष. गडगंज पैसा आणि ल मान्स सलग तीनदा जिंकलेला ड्रायव्हर. मार्च १९३०मध्ये त्यांनी पैज लावली : दक्षिण फ्रान्समधल्या कान गावातून मी ब्लू ट्रेनबरोबर निघेन आणि गाडी कॅलेच्या बंदराला लागायच्या आत लंडनला माझ्या क्लबात पोहोचेन. मधली समुद्राची खाडी बोटीतून पार करून ते खरंच पोहोचले. ट्रेनच्या चार मिनिटं आधी.

ही गाडी कोणती? वर्षानुवर्षं सगळे एकच उत्तर द्यायचे : गर्नी नटिंगने बनवलेली, घसरत्या छताची, अफाट देखणी स्पीड सिक्स कूपे. टेरेन्स क्युनिओ या चित्रकाराने ट्रेनशेजारून धावताना तीच रंगवली. चित्र गाजलं, गाडीला 'ब्लू ट्रेन' हे नाव चिकटलं.

घोळ एवढाच, की ती कूपे तयार होऊन हातात आली मे १९३०मध्ये, म्हणजे शर्यतीनंतर दोन महिन्यांनी. बार्नाटो यांनी प्रत्यक्षात चालवली ती एच. जे. म्युलिनरने बांधलेली बंद सलून. दिसायला साधी, चौकोनी. गोष्ट तिची होती, श्रेय घेऊन गेली तिची देखणी बहीण.

हे उघड कसं झालं? तारखांवरून. म्हणूनच जाहिरातीतले 'मॅचिंग नंबर्स' हे शब्द तपासण्याजोगे असतात. चेसिसवर एक नंबर, इंजिनवर दुसरा, आणि ही जोडी कारखान्यातून निघताना होती तीच आहे का, हे जुन्या नोंदींशी ताडून पाहायचं. रोल्स-रॉइसच्या चेसिस कार्डांचा मोठा संग्रह इंग्लंडमध्ये रोल्स-रॉइस एन्थुझिअस्ट्स क्लबने जपलाय. मूळ गिऱ्हाईक कोण आणि बॉडी कुणाची, असे तपशील अशा नोंदींत सापडतात. चकचकीत फोटोपेक्षा हा पिवळा पडलेला कागद जास्त बोलतो.

कोर्टात उभी राहिलेली बेंटली

आता सगळ्यात अवघड प्रश्न. सगळे कागद जुळले, पण गाडीतला एकेक भाग काळाच्या ओघात बदलत गेला असेल, तर ती गाडी तीच म्हणायची का?

हा प्रश्न १९९०मध्ये लंडनच्या हायकोर्टात आला. गाडी होती 'ओल्ड नंबर वन', म्हणजे १९२९ आणि १९३० अशी दोन वर्षं ल मान्स जिंकणारी बेंटली स्पीड सिक्स. सौदा ठरला होता तब्बल एक कोटी पौंडांचा. मिडलब्रिज ही खरेदीदार कंपनी म्हणाली, ही ती गाडीच नव्हे, आम्ही पैसे देणार नाही.

त्यांच्या म्हणण्यात दम होता. ल मान्सनंतरही ही गाडी शर्यतीत धावत राहिली. दर शर्यतीला सुटे भाग बदलले गेले. १९३२पर्यंत चेसिस वेगळी झाली होती आणि साडेसहा लिटरच्या जागी आठ लिटरचं इंजिन आलं होतं. त्या वर्षी ब्रुकलँड्सच्या ट्रॅकवर ती कठड्यावरून बाहेर फेकली गेली आणि ड्रायव्हर क्लाइव्ह डनफी यांचा मृत्यू झाला. त्यानंतर ती पुन्हा बांधली गेली, तिला बंद बॉडी आली आणि पुढे पुन्हा उघडी.

न्यायाधीश ऑटन यांच्यासमोर अक्षरशः भागांची यादी झाली. १९२९च्या गाडीतलं खात्रीने सांगता येईल असं जवळपास काहीच उरलं नव्हतं. १९३०च्या गाडीतले तीन भाग उरले होते : पेडलचा दांडा, गिअरबॉक्सचं आवरण आणि स्टिअरिंग कॉलम. १९३२च्या गाडीतलं मात्र बरंच होतं. त्यात चेसिस होती, इंजिनही होतं.

तुम्ही न्यायाधीश असता तर? एक मिनिट थांबून स्वतःचं उत्तर ठरवा.

निकाल विकणाऱ्याच्या बाजूने लागला. तर्क साधारण असा होता : तिला 'ओरिजिनल' म्हणता येणार नाही, कारण ल मान्समध्ये धावलेले भाग आता नाहीत. पण ती 'ऑथेंटिक' आहे. ती कधी मोडीत निघाली नाही. एका जागी संपून दुसरीकडे नव्याने जन्मली नाही. बदलत गेली, पण एकच गाडी म्हणून सलग जगत आली. त्यामुळे 'ओल्ड नंबर वन' हे नाव तिचंच.

हा फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे. सुटे भाग बदलणं हा त्या गाडीच्या आयुष्याचाच भाग होता. बाजारभाव वाढावा म्हणून पन्नास वर्षांनी बॉडी फेकून दुसरी चढवणं ही वेगळी गोष्ट. दोन्हीकडे पत्रा नवाच, पण कारण वेगळं. आणि कारण कळायला नोंद लागते.

आपल्याकडे?

आपल्या संस्थानिकांनीही अशा गाड्या मनमुराद बनवून घेतल्या. राजकोटच्या ठाकोरसाहेबांनी मागवलेली १९३४ची रोल्स-रॉइस फँटम टू 'स्टार ऑफ इंडिया' म्हणून ओळखली जाते. बॉडी लंडनच्या थ्रप अँड मेबर्लीची, रंग केशरी. ती पुढे देशाबाहेर गेली आणि अनेक वर्षांनी लिलावातून पुन्हा राजकोटच्या राजघराण्याकडे आली.

व्हिंटेजची व्याख्याही ठिकाणाप्रमाणे बदलते. ब्रिटनमध्ये शौकीन मंडळी १९१९ ते १९३० या काळातल्या गाडीलाच व्हिंटेज म्हणतात. आपल्याकडे केंद्र सरकारने २०२१मध्ये जे नियम केले, त्यात पहिल्या नोंदणीला ५० वर्षांहून जास्त काळ झालेली खासगी दुचाकी किंवा चारचाकी व्हिंटेज ठरते. तिला नंबरप्लेटवर 'व्हीए' अक्षरं मिळतात. नव्या नोंदणीचं शुल्क २० हजार रुपये आणि मुदत १० वर्षं. रोजच्या वापरासाठी ती रस्त्यावर काढता येत नाही. रॅली, प्रदर्शन, इंधन भरणं, देखभाल अशा कामांपुरतीच काढता येते.

आणि एक मोठी अट आहे. गाडी मूळ रूपात हवी. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नको. म्हणजे लंडनच्या कोर्टातला प्रश्न आता आपल्या आरटीओच्या टेबलावरही आहे. पन्नास वर्षांची दुचाकी आणि चारचाकी म्हटलं की राजवाड्याबाहेरचीही पुष्कळ वाहनं आली. त्यात जुनी जावा आली, लँब्रेटा आली, पद्मिनीच्या आधीची फियाटही आली.

तुमच्या शेडमधलं काय?

समजा, गावच्या घरी ताडपत्रीखाली आजोबांची अशी एखादी गाडी उभी आहे आणि तुम्हाला ती चालू करायची हौस आली. मेकॅनिककाका बघता क्षणी म्हणतील, 'सगळं उतरवू, पावडर कोटिंग करू, नवीकोरी करून देतो!' होकार देण्याआधी थोडं थांबा.

आधी फोटो काढा. गंजासकट, पोपडे आलेल्या रंगासकट. इंजिन आणि चेसिस नंबर आरसी बुकाशी ताडून बघा. आरसी, विम्याचे जुने कागद, गॅरेजच्या पावत्या, लग्नाच्या अल्बममधला गाडीसोबतचा फोटो, जे मिळेल ते एका फाइलमध्ये घाला. घरातल्या मोठ्यांना विचारा, गाडी कुणाकडून आणि कधी घेतली, रंग कधी बदलला. उत्तरं तारखेसह लिहून ठेवा.

मग यादी करा. जे स्वच्छ करून भागेल, ते स्वच्छ करा. जे दुरुस्त होईल, ते दुरुस्त करा. ब्रेक, टायर, वायरिंग यांत मात्र भावनिक होऊ नका, ते नवंच घाला. बदललेला प्रत्येक भाग फाइलमध्ये नोंदवा.

आणि काढलेले जुने भाग भंगारवाल्याला देऊ नका. वाकडं मडगार्ड, फुटकी टेललाइट, झिजलेली सीट एका खोक्यात भरा, वर गाडीचा नंबर लिहा आणि माळ्यावर ठेवून द्या. आई ओरडेल. पण तीस वर्षांनी ती गाडी तुमच्याकडे असो वा दुसऱ्या कुणाकडे, 'यातलं मूळचं किती?' असं कुणी विचारलं, तर उत्तर त्या खोक्यात आणि त्या फाइलमध्ये असेल.