फर्माईश तेलीबांध्याची

हिंदुस्थानात रेडिओवरून ऐकू आलेली पहिलीवहिली गाणी फर्माईशीची होती, असं म्हटलं तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. ऑगस्ट १९२१ मध्ये ‘टाइम्स ऑफ इंडिया’ने पोस्ट-तार खात्याच्या मदतीने मुंबईहून गाण्यांचा एक खास कार्यक्रम प्रक्षेपित केला, तो मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या सांगण्यावरून. साहेब ऐकायला बसले होते पुण्यात. नभोवाणीचं खातं अजून जन्माला यायचं होतं, निवेदक नावाचा प्राणी कुणी पाहिलेला नव्हता. पण ‘ऐकवा’ म्हणणारा श्रोता मात्र तयार होता.

या प्रक्षेपणाची आठवण म्हणून छत्तीसगडचे रेडिओवेडे २० ऑगस्टला ‘श्रोता दिवस’ साजरा करतात. गाणाऱ्यांच्या जयंत्या-पुण्यतिथ्यांनी कॅलेंडर भरलेलं असताना ऐकणाऱ्यांचा एक दिवस असावा, हे सुचलं या मुलखाला. त्याला कारणही तसंच आहे. रायपूरहून बिलासपूरकडे निघालेली गाडी तासाभरात भाटापाऱ्याला थांबते. डाळ आणि पोह्यांच्या गिरण्यांचं हे गाव रेडिओ ऐकणाऱ्या दोन पिढ्यांना न पाहताच ठाऊक आहे. फर्माईशीच्या कार्यक्रमात झुमरीतलैया या गावाचं नाव घेऊन झालं की निवेदकाच्या तोंडी हमखास यायचं ते भाटापारा.

आणि रायपूर? रायपूरचा तेलीबांधा हा तसा गाजलेला नाही. मोठा तलाव, त्याच्या काठाने जाणारा जी. ई. रोड, जवळच गुरुद्वारा, आणि आता आजूबाजूला उभ्या राहिलेल्या इमारती. पूर्वी ही शहराची वेस होती. १९०० साली सुरू झालेल्या धमतरीच्या छोट्या लाइनचं स्टेशन इथे होतं. रायपूर ते तेलीबांधा हा तिचा तुकडा २०१७ मध्ये बंद झाला. तलावाला आता सगळं गाव ‘मरीन ड्राइव्ह’ म्हणतं. समुद्र इथून शेकडो कोस लांब, पण नाव चिकटलं ते चिकटलं.

संध्याकाळी या काठावर एक फेरी मारली, तर आवडत्या गाण्यांचा आढावा फुकटात होतो. गुपचुपच्या, म्हणजे पाणीपुरीच्या, ठेल्यावर मोबाईल डब्यात उभा करून ठेवलेला असतो; डब्यामुळे आवाज मोठा होतो, ही ठेलेवाल्याची युक्ती. त्यातून छत्तीसगढी गाणं वाजत असतं. निवृत्त गृहस्थ हातातल्या फोनवर रफी लावून चालत असतात, इयरफोन न घालता, म्हणजे रफी सगळ्यांनी ऐकावा अशीच त्यांची इच्छा असते. बाकावर दोन कॉलेजकुमारी एकाच इयरफोनचा एकेक बोंडूक कानात घालून बसलेल्या; एकीने गाणं निवडलेलं आणि दुसरीच्या चेहऱ्याकडे तिचं बारीक लक्ष, की आवडलं की नाही?

या शेवटच्या नजरेत सगळा विषय आहे. आवडतं गाणं एकट्याने ऐकता येतं, पण ते आवडतं आहे हे कुणाला तरी सांगितल्याशिवाय माणसाला चैन पडत नाही.

रेडिओच्या काळात हे सांगण्याचं साधन होतं पोस्टकार्ड. वर कार्यक्रमाचं नाव, मग चित्रपट, गाणं, गायक, आणि उरलेल्या सगळ्या जागेत नावं. आधी स्वतःचं, मग बायकोचं, मुलांची टोपणनावं, शेजारी, दुकानातला भागीदार, कडेला उभ्या ओळीत राहून गेलेला मेहुणा. गाणं साडेतीन मिनिटांचं आणि त्याआधी नावांची यादी मिनिटभराची. यादी ऐकून शहरी श्रोते हसत. पण कार्ड टाकणाऱ्याच्या दृष्टीने यादी हाच कार्यक्रमाचा गाभा असे. गाणं तर तो पानपट्टीवरही ऐकू शकत होता. ‘हे गाणं आमचं आहे’ असं दिल्ली-मुंबईच्या आवाजाने जाहीर करावं, एवढीच त्याची मागणी.

ही हौस भडकवण्यात एका मराठी माणसाचा मोठा वाटा आहे, तोही नकळत. पुण्याचे बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ मध्ये माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले. शास्त्रीय संगीताविषयी त्यांना मनापासून कळकळ होती आणि चित्रपटगीतांविषयी तितकीच अढी. त्यांच्या कारकिर्दीत आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळपास हद्दपार झाली. श्रोत्यांनी काय करावं? त्यांनी बटण फिरवलं आणि रेडिओ सिलोन लावलं. डिसेंबर १९५२ मध्ये तिथून ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली आणि अमीन सयानींचा आवाज घराघरांत पोचला. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ रोजी सरकारला ‘विविध भारती’ काढावी लागली. कुणाला काय आवडावं हे मंत्र्याने ठरवू नये, हा धडा त्यातून खात्याला मिळाला असेल. श्रोत्यांना तो आधीच पाठ होता.

आकाशवाणीचं रायपूर केंद्र सुरू झालं २ ऑक्टोबर १९६३ रोजी. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९६५ मध्ये, मनु नायक यांचा ‘कहि देबे संदेस’ हा पहिला छत्तीसगढी चित्रपट आला. त्यात खुद्द मोहम्मद रफी आणि महेंद्र कपूर छत्तीसगढीत गायले. तलावाकाठी फिरणाऱ्या त्या गृहस्थांच्या रफीप्रेमात याचाही वाटा असणार. मुंबईचा एवढा मोठा गवई आपल्या घरच्या बोलीत गातो, म्हटल्यावर त्याला परका कोण म्हणणार?

रायपूरच्या मराठी घरांचा हिशेब थोडा निराळा आहे. ती इथे एकदम आली नाहीत. भोसल्यांची स्वारी अठराव्या शतकात छत्तीसगडात उतरली; बिंबाजी भोसल्यांनी १७५८ पासून रतनपूरला बसून कारभार केला. पुढे मध्य प्रांतात नागपूर आणि रायपूर एकाच राजवटीखाली होते. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत नागपूर हीच राजधानी होती. कारकून, शिक्षक, वकील, रेल्वेवाले आले. मग भिलाईचा पोलाद कारखाना आला, बँका आल्या. तात्यापाऱ्यात जुनी घरं आहेत, १९३५ पासूनचं महाराष्ट्र मंडळ आहे. हिंदीतल्या ‘छत्तीसगढ़ मित्र’चे संपादक माधवराव सप्रे याच मराठी-छत्तीसगढी मातीतले.

अशा घरात मराठी गाणं यायचं रात्री. मध्यम लहरींचं शास्त्र असं, की दिवसा वातावरणाचा एक थर त्या शोषून घेतो. सूर्य मावळला की तो थर विरतो, लहरी वरच्या थरावरून परावर्तित होतात आणि लांब लांब पोचतात. त्यामुळे दिवसभर न सापडणारं केंद्र जेवणं आटोपल्यावर खरखरत का होईना, लागतं. नागपूर, जमलं तर मुंबई. ट्रान्झिस्टर खिडकीशी, कधी आडवा तर कधी उभा, आणि घरातला एक मुलगा कायमचा सुई सांभाळायला नेमलेला. भावगीताचा अंतरा ऐन रंगात आला की आवाज बुडायचा आणि पुन्हा वर यायचा. अशा रीतीने पाठ झालेल्या गाण्याची नंतर कितीही स्वच्छ सीडी मिळाली, तरी काहीतरी कमी वाटतं. खरखर ही त्या चालीचाच भाग झालेली असते.

बृहन्महाराष्ट्रातल्या श्रोत्यांना मराठी भावगीत उसनं वाटू नये, याचं आणखी एक कारण आहे. मराठी भावगीताचा सगळ्यात घरगुती वाटणारा आवाज महाराष्ट्राबाहेरचाच. अरुण दाते १९३४ मध्ये इंदूरला जन्मले, शिकले कापडाचं इंजिनिअरिंग, आणि गायला लागले ते गझल. मंगेश पाडगावकरांचे शब्द आणि श्रीनिवास खळ्यांची चाल घेऊन त्यांनी सुधा मल्होत्रांबरोबर गायलेल्या ‘शुक्रतारा’ने साठच्या दशकात काय जादू केली, हे सांगायला नको. पुढे त्यांच्या कार्यक्रमालाही तेच नाव मिळालं. दात्यांना आधी मराठीत गायचा धीर होत नसे. हिंदी मुलखात वाढलेल्या मराठी माणसाला हा संकोच अगदी ओळखीचा वाटेल.

आता प्रश्न असा, की हीच गाणी का? चांगली गाणी तर ढीगभर आहेत. कुणालाही आवडत्या गाण्याविषयी विचारलं, तर तो राग, ताल, कवी यांच्याविषयी क्वचितच बोलतो. तो सुरुवात करतो, ‘आम्ही तेव्हा दुर्गला राहायचो’ अशी. संशोधकांनाही हेच दिसलं आहे. मॉरिस होलब्रुक आणि रॉबर्ट शिंडलर या अमेरिकी अभ्यासकांनी १९८९ मध्ये निरनिराळ्या वयाच्या लोकांना जुन्या-नव्या काळातली गाजलेली गाणी ऐकवली. माणूस साधारण २४ वर्षांचा असताना जी गाणी गाजत होती, त्यांच्याकडे त्याचा ओढा सर्वांत जास्त निघाला. नोकरी, लग्न, घर सोडणं, सगळं याच वयाच्या आसपास. आपल्या काळची गाणीच खरी, असं प्रत्येक पिढी शपथेवर सांगते ते उगाच नाही.

दुसरा प्रयोग कॅनडातल्या मॉन्ट्रियलचा. व्हॅलरी सालिमपूर, रॉबर्ट झटोरे आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये तो प्रसिद्ध केला. त्यांनी लोकांना संगीत नेमून दिलं नाही; ज्याने ज्याच्या अंगावर काटा येतो, ते वाद्यसंगीत ज्याचं त्याने घेऊन यावं, असं सांगितलं. मेंदूच्या तपासणीत दिसलं ते असं : काट्याच्या क्षणी डोपामिन स्रवतंच, पण तो क्षण येणार, येणार, या प्रतीक्षेतही मेंदूच्या दुसऱ्या भागात ते स्रवतं. म्हणजे पाठ असलेल्या गाण्यात पुढची जागा माहीत असणं हाच अर्धा आनंद. बुजुर्ग श्रोते समेच्या आधीच मान हलवायला लागतात, त्यांचं हे गुपित.

दुःखी गाणं सुखाने का ऐकावं, हे कोडं मात्र प्रयोगशाळेत पुरतं सुटलेलं नाही. करुण हाच एक मूळ रस आहे, असं ज्याने आपल्या नाटकात ठासून सांगितलं, तो भवभूती पद्मपूरचा. हे पद्मपूर म्हणजे गोंदिया जिल्ह्यात आमगावजवळचं गाव, असं मानलं जातं. रायपूर-नागपूर लाइनीवरचं आमगाव! माहेरपणाची, ताटातुटीची गाणी या लाइनीवर जास्त लागत असतील, तर त्याचा दोष भवभूतीला द्यायला हरकत नाही.

छत्तीसगडी बायकांची दिवाळीच मुळी गाण्याने सुरू होते. कार्तिकात मुली-बायका टोपलीत धान आणि त्यात मातीचा पोपट ठेवून दारोदार येतात, टोपलीभोवती गोल धरून टाळ्यांवर सुआ गीतं गातात. मनातलं जे माणसाला सांगता येत नाही ते सुआला, म्हणजे पोपटाला, सांगायचं, अशी ही गाणी. घरची बाई तांदूळ किंवा पैसे देते. रायपूरच्या मराठी घराच्या दारातही आकाशकंदील वर आणि सुआ खाली, हे दृश्य असतं. या घरांत वाढलेल्या मुलींना दिवाळीचं गाणं कोणतं विचारलं, तर उत्तर मराठी येईलच याची खात्री नाही.

शिवाय या मातीतलं गाणं लांब जातं. रायपूरच्या जोशी भगिनींनी सत्तरच्या दशकात गायलेलं ‘ससुराल गेंदा फूल’ इथे बायकांच्या तोंडी होतंच. २००९ मध्ये ए. आर. रहमानच्या संगीतात, रेखा भारद्वाजच्या आवाजात ते ‘दिल्ली ६’मध्ये आलं आणि देशभर लग्नांत वाजू लागलं. मूळ गायिकांची नावं देशाला कळायला वेळ लागला, ही गोष्ट छत्तीसगडच्या लोकांना अजून लागते. आणि लागणारच. पोस्टकार्डावर आपलं नाव वाचलं जावं म्हणून महिनोन्महिने वाट पाहणारा हा मुलूख. त्याच्याच गाण्यावरून त्याचं नाव गळावं?

मराठी घरांचं सगळ्यात जपलेलं गाणं कुठलं, यावर एकमत होणार नाही, पण ‘गीतरामायणा’ला मतं भरपूर पडतील. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, पुणे केंद्रावरून ते सुरू झालं. माडगूळकरांची छप्पन्न गीतं, फडक्यांच्या चाली, दर आठवड्याला एक नवं. लोक रेडिओला हार घालत, उदबत्ती लावत, असं त्या काळचे श्रोते सांगतात. रायपूरला त्यात एक पदर जास्तीचा. शहरापासून पंचवीसेक किलोमीटरवर चंदखुरी आहे. तिथे तलावात कौसल्येचं मंदिर आहे आणि हे तिचं माहेर, अशी श्रद्धा आहे. म्हणून राम छत्तीसगडचा भाचा. इथे मामा भाच्याच्या पाया पडतो. महाराष्ट्रातून लग्न होऊन आलेल्या सुनेला हे आधी विचित्र वाटतं. मग मुलाच्या मुंजीत स्थानिक शेजारी त्या पोरालाच नमस्कार करायला वाकतात आणि तिला उलगडा होतो.

‘गीतरामायणा’तलं पहिलंच गीत फार धूर्तपणे रचलेलं आहे. कुश आणि लव दरबारात रामकथा गात आहेत आणि ऐकणारा खुद्द राम आहे. आपलीच गोष्ट दुसऱ्याच्या तोंडून, सुरात ऐकताना काय होतं, हे माडगूळकरांनी मालिकेच्या पहिल्या पावलातच दाखवून दिलं. फर्माईशीचं कार्ड टाकणारा भाटापाऱ्याचा श्रोता निवेदकाच्या तोंडून आपलं नाव ऐकताना त्याच जागी बसलेला असतो, फरक इतकाच की त्याने त्यासाठी कार्ड टाकलेलं असतं.

आता कार्ड नाही. फोन-इन आले, एफएम आलं, मग व्हॉट्सअ‍ॅप. कुटुंबाच्या ग्रुपवर सकाळी काका एक भावगीत टाकतात, आत्या हात जोडते, पुण्याची भाची लाल बदाम देते, आणि भिलाईचा भाचा, ज्याने ते उघडलेलंही नसतं, अंगठा. दुपारी हाच भाचा एक रॅप टाकतो. काका ते शेवटपर्यंत ऐकतात आणि लिहितात, ‘शब्द जरा लिहून पाठव.’ मग शब्द येतात, त्यातले चार छत्तीसगढी असतात, आणि काका ते आत्याला समजावून सांगायला फोन लावतात.