मृगाचा पाऊस आणि महासत्तांचे संगणक : एक मागोवा

फुलसावंगीसारख्या गावी, जेथील काळ्या रानातली कोरडवाहू पऱ्हाटी मृगाच्या भरवशावर उभी राहते, तेथे धूळपेरणी उरकून घ्यावी की पहिल्या दमदार पावसाची वाट पाहावी, हा प्रश्न दरसाल घरोघरी पडतो. कारण टोकलेली सरकी ओलीअभावी जमिनीतच गेली, की दुबार पेरणीवाचून गत्यंतर उरत नाही. या प्रश्नाच्या उत्तराचा एक धागा कित्येक वर्षे वॉशिंग्टन आणि मॉस्को यांच्या वैरात गुंतून पडला होता.

मोसमी पावसाचे गणित मांडण्यासाठी भारताने १९८० च्या दशकात अमेरिकेकडे क्रे कंपनीच्या ‘एक्स-एमपी २४’ या महासंगणकाची मागणी केली. पर्जन्याचे गणित करणारे यंत्र अण्वस्त्रांचेही करू शकते आणि त्यातील विद्या सोव्हिएत रशियाच्या हाती लागेल, या धास्तीने ती दरखास्त नामंजूर झाली. मिळाला तो कमी शक्तीचा ‘एक्स-एमपी १४’, आणि तोही हवामानाखेरीज अन्य कामास वापरू नये अशा जाचक अटींवर. महासत्तेची शंका राजनीतीच्या हिशेबात बसत असेल. पण तिची झळ ज्या कास्तकाराला लागली, त्याचा त्या वैराशी काडीचाही संबंध नव्हता, हे विसरता येत नाही.

नकारातून जे निपजले ते मात्र मोलाचे होते. १९८८ साली देशातच महासंगणक घडविण्यासाठी पुण्यात ‘सी-डॅक’ ही संस्था स्थापन झाली आणि तिची धुरा अकोला जिल्ह्यातील मुरंबा या गावी जन्मलेल्या डॉ. विजय भटकर यांच्याकडे, म्हणजे कापसाच्याच मुलुखातील माणसाकडे, आली. एकच बलाढ्य यंत्र घडविण्याऐवजी ‘ट्रान्सप्युटर’ नावाचे अनेक लहान प्रक्रियक एकमेकांस जोडून एकाच गणिताचे भाग त्यांच्यात वाटून द्यावयाचे, ही त्यांची रीत; तीतून १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक सिद्ध झाला, आणि त्या मालिकेतील एक यंत्र पुढे मॉस्कोलाही गेले. ते ट्रान्सप्युटर मात्र ब्रिटिश होते, हेही नमूद केले पाहिजे. २०१८ साली पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेत आलेला ‘प्रत्यूष’ हा महासंगणक तर क्रे कंपनीचाच. आणि २०२२ मध्ये अमेरिकेने प्रगत चिप चीनला विकण्यावर निर्बंध घातले, तेव्हा जुनाच डाव नव्या प्रतिस्पर्ध्याशी मांडला गेला.

मे २०२५ पासून पुण्याच्या याच उष्णदेशीय हवामान संस्थेने विकसित केलेली प्रणाली ६ किलोमीटरच्या चौकटीत पावसाचा अंदाज वर्तवू लागली आहे. तो पेरणीच्या दिवसांत रोज सकाळी ग्रामपंचायतीच्या फलकावर मराठीत लागला पाहिजे.