गाडी आपली, भाडं कुणाचं? ट्रकमालकाने मोबाईलवरून चांगलं भाडं कसं मिळवायचं

लोड ॲपबद्दल आजपर्यंत बऱ्याच ट्रकवाल्या मित्रांनी मला विचारलंय, "कुठलं ॲप टाकू, म्हणजे भाडं चांगलं मिळेल?" माझ्याकडे एकच दहाचाकी आहे, मी ती स्वतः चालवतो आणि गाव नेसरी. त्यामुळे हा लेख म्हणजे ॲपची जाहिरात नाही, हप्ता भरता भरता जे समजलं ते आहे.

पहिले आठ महिने फार वाईट गेले. साखर, काजू, फौंड्रीचं कास्टिंग, जे मिळेल ते भरत होतो. एका ट्रान्सपोर्टवाल्याने माझी बॅलन्सची रक्कम चार महिने अडकवली. फोन केला की एकच उत्तर, "पोच आली नाही." पोच मी पहिल्याच आठवड्यात कुरिअरने पाठवली होती, पण कुरिअरची पावती जपून ठेवली नव्हती. दोन हप्ते चुकले. फायनान्सवाल्यांची माणसं घरी आली तेव्हा वडील अंगणात बसले होते. त्या दिवसापासून गाडीचा प्रत्येक कागद मोबाईलमध्ये ठेवायला लागलो.

आधी हिशेब, मग ॲप

भाडं चांगलं की वाईट, हे टनाच्या दरावरून कळत नाही. ते किलोमीटरवर काढायचं, आणि रिकामे किलोमीटरसुद्धा त्यात धरायचे.

गोकुळ शिरगावहून भिवंडी साधारण 400 किलोमीटर धरा. 18 टन माल, 1,400 रुपये टन, म्हणजे 25,200 रुपये. किलोमीटरला 63 रुपये पडले, ऐकायला झकास! पण परत रिकामं आलात तर तेच पैसे 800 किलोमीटरवर वाटले जातात, म्हणजे साडेएकतीस रुपये. गाडी लिटरला 4 किलोमीटर देत असेल आणि डिझेल 90 रुपये धरलं, तर साडेबावीस रुपये नुसतं डिझेलच खातं. टोल, टायर, विमा, हप्ता अजून बाकीच आहे. शिवाय नेसरीहून गोकुळ शिरगावपर्यंत रिकामं जावं लागतं, ते अंतर वेगळंच.

रिटर्नला आज 12,000 मिळतायत, तीन दिवस थांबलो तर 14,000 मिळतील, अशा वेळी काय करायचं? माझा हप्ता महिन्याला 48,000, म्हणजे दिवसाला 1,600. तीन दिवसांचे 4,800 घालवून 2,000 जास्त मिळवायचे, हा कसला धंदा? मी 12,000 ला भरून निघतो. येणंजाणं धरून किलोमीटरला साडेशेहेचाळीस पडतात.

ॲपवर भाडं कमी का दिसतं?

ब्लॅकबक, वाहक यांसारखी ॲप म्हणजे मोबाईलमधला ट्रान्सपोर्ट नगर. माल टाकणारा माल टाकतो, गाडीवाला गाडी टाकतो. अडचण अशी की एका लोडवर एकाच वेळी कितीतरी गाड्यांची बोली येते, आणि त्यात कुणीतरी रिकामं घरी जायचं म्हणून पडेल त्या दराला तयार असतो. शिवाय बरेच लोड कारखान्याने टाकलेले नसतात, ते दलालाने टाकलेले असतात. म्हणजे त्याचं कमिशन आधीच कापून गेलेलं असतं.

म्हणून माझा नियम साधा आहे. ॲप परतीसाठी वापरायचं आणि जातानाचं भाडं ओळखीतून, थेट कारखान्याच्या डिस्पॅचमधून मिळवायचं. काही जणांना हे पटणार नाही. मोठ्या शहरात राहणाऱ्याचा हिशेब वेगळा असेल, पण आमच्यासारख्या आडबाजूच्या गावाला हेच परवडतं.

समोरचा खरा आहे का, दोन मिनिटांत बघा

अनोळखी माणसाने लोड दिला की त्याचा जीएसटी नंबर मागा. हा नंबर 15 अक्षरांचा असतो. पहिले दोन आकडे राज्याचे असतात: महाराष्ट्र 27, कर्नाटक 29, गोवा 30. पुढची दहा अक्षरं म्हणजे त्याचा पॅन. जीएसटीच्या सरकारी वेबसाइटवर 'सर्च टॅक्सपेअर'मध्ये हा नंबर टाकला की फर्मचं नाव, पत्ता आणि नोंदणी चालू आहे की रद्द, सगळं दिसतं. लॉगिन लागत नाही. रिटर्न भरलंय का, तेही तिथेच कळतं. माणूस स्वतःला बेळगावचा म्हणतो आणि नंबर 27 ने सुरू होतो, तर विचारायला लाजू नका. महाराष्ट्रातही त्याचं ऑफिस असू शकतं, पण उत्तर देताना तो अडखळतो का ते लगेच कळतं.

आणि "लोड कन्फर्म करायला 2,000 पाठवा", "गेटपासचे पैसे आधी टाका" असं कुणी म्हटलं तर फोन ठेवून द्या. ॲडव्हान्स गाडीवाल्याला मिळतो, गाडीवाला देत नसतो. पैसे गेलेच असतील तर लगेच 1930 वर तक्रार करा.

नाव कसं होतं

पूर्वी नाव व्हायचं ते ट्रान्सपोर्ट ऑफिसच्या बाकावर. आता तुमच्या गाडीची माहिती तुमच्या आधी पोचते. गाडी नंबर टाकला की एमपरिवहनवर फिटनेस, विमा, पीयूसी कधीपर्यंत आहे ते दिसतं. टोलनाक्यावर फास्टॅग वाचला गेला की वेळ नोंदली जाते, आणि 2022 मध्ये आलेल्या युलिप या सरकारी व्यवस्थेतून कंपन्यांना गाडीचं टोलवरून जाणं बघता येतं. म्हणजे "साहेब, कराड सोडलं" असं सांगून कराडच्या अलीकडे ढाब्यावर झोपायचे दिवस गेले!

मी याचा उलटा फायदा घेतला. आरसी, विमा, परमिट, पीयूसी, पॅन आणि लायसन्स, सगळ्यांचं एकच पीडीएफ केलंय. गाडी मागितली की दोन मिनिटांत व्हॉट्सॲपवर जातं. भरल्यावर ताडपत्री, दोरी आणि वजनकाट्याची चिठ्ठी यांचे फोटो पाठवतो. उतरल्यावर सही-शिक्क्याच्या पोचेचा फोटो तिथेच काढून त्याच चॅटमध्ये टाकतो, मग मूळ पोच कुरिअरने, आणि कुरिअरची पावतीही चॅटमध्ये. "पोच आली नाही" म्हणायला जागाच उरत नाही.

एकदा खंबाटकीजवळ टायर फुटला. समोरून फोन यायच्या आधी मीच डिस्पॅचच्या साहेबांना फोन केला.

"साहेब, टायर गेलाय. चार तास उशीर होईल. लोकेशन पाठवलंय."

"बरं झालं मालक सांगितलंसा. तिकडं क्रेन बुक केलीया, ती पुढं ढकलतो."

त्या फोननंतर त्यांनी मला दुसऱ्या विभागाचंही भाडं दिलं. गाव विचारलं, नेसरी म्हणताच "म्हणजे प्रतापराव गुजरांची नेसरी!" 1674 ची ती लढाई आमच्या गावाला अजून ओळख मिळवून देते, पण भाडं मात्र टायरच्या फोनमुळे मिळालं.

ई-वे बिलाची तारीख गाडीवाल्यानेच बघायची

बिल बनवतो माल देणारा, पण रस्त्यात अडकते गाडी. 200 किलोमीटरपर्यंत एक दिवस, पुढच्या प्रत्येक 200 ला किंवा त्याच्या भागाला आणखी एक दिवस. पहिला दिवस पुढच्या तारखेच्या मध्यरात्री संपतो. म्हणजे सोमवारी दुपारी बिल बनलं आणि अंतर 390 असेल, तर मंगळवारच्या मध्यरात्रीनंतर आणखी एक दिवस धरून, बुधवारच्या मध्यरात्रीपर्यंत वेळ असतो. गाडी बिघडली तर मुदत संपायच्या आठ तास आधीपासून आठ तासांनंतरपर्यंत ती वाढवता येते. भाग 'ब' मधला गाडी नंबर गेटच्या आतच तपासा. एक आकडा चुकला तरी अधिकारी गाडी बाजूला घेऊ शकतो, आणि हॉल्टिंग कुणी देत नाही.

अडकलेलं भाडं

उद्यम नोंदणी मोबाईलवर, फुकट होते. पॅन आणि आधार लागतं. ट्रान्सपोर्ट ही सेवा असल्याने सूक्ष्म उद्योग म्हणून नोंदणी मिळते. त्याचा फायदा काय? लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत, नसेल तर 15 दिवसांत पैसे देणं खरेदीदारावर बंधनकारक आहे. कर आकारणी वर्ष 2024-25 पासून मुदतीत न दिलेली रक्कम कंपनीला त्या वर्षी खर्चात दाखवता येत नाही. म्हणून मी बिलावर उद्यम नंबर ठळक छापतो. मार्च जवळ आला की अकाउंट्सवाल्यांचा फोन आता मला येतो. तरीही नाही दिले तर तक्रार करता येते.

दहापर्यंत गाड्या असतील तर पॅनसह तसं लेखी द्या, मग भाड्यातून टीडीएस कापत नाहीत. याचा एक पानाचा नमुना मी त्याच पीडीएफच्या शेवटी जोडून ठेवलाय.