शेवटच्या मिनिटाला कोपऱ्यात कोण?

शुक्रवार, 31 ऑक्टोबर 2025. मिरजेतलं आमचं घर. टीव्हीसमोर मी आणि आप्पा, म्हणजे माझे चुलते. प्रो-कबड्डीची फायनल चालू, पुणेरी पलटण विरुद्ध दबंग दिल्ली. माझ्या मांडीवर लॅपटॉप आणि त्यात एक एक्सेल शीट उघडी. त्या शीटचं सांगतोच, थांबा जरा.

तर शेवटचं मिनिट. पलटण मागे, पण अगदी थोडक्यात. आदित्य शिंदे चढाईला गेला. सॉलिड खेळत होतं पोरगं! आणि दिल्लीच्या एका गड्यानं त्याला असा धरला, की खेळ खल्लास. 31-28. धरणारा कोण? फझल अत्राचली, वय वर्षं 33. तोच फझल, ज्याला पलटणनं 2022 मध्ये 1 कोटी 38 लाखांना घेतलं, कॅप्टन केलं, ज्याच्यासोबत पहिल्यांदा फायनल गाठली... आणि पुढच्याच सीझनला सोडून दिलं.

"सोडल्याला माणूस कुठं आडवा येईल, सांगता येत न्हाई बघ," आप्पा म्हणाले. मी गुपचूप लॅपटॉप मिटला.

कारण शीटमध्ये तेच होतं. पुण्यात मी एका सपोर्ट टीमचा लीड आहे. वरून निरोप आलेला, एक सीनियर कमी करा, त्याच्या पगारात दोन फ्रेशर्स घ्या. नाव सोमवारपर्यंत. टीममध्ये सीनियर म्हणावं असा माणूस एकच. आम्ही त्यांना काका म्हणतो आणि ते चिडतात. मला काम त्यांनीच शिकवलंय.

आता तुम्ही म्हणाल, फझलचा किस्सा ऐकून काकांना ठेवून टाक, विषय संपला. इतकं सोपं असतं तर काय हवं होतं! फझलला सोडून पलटणनं काय केलं, ते आठवा. नगर जिल्ह्यातल्या अस्लम इनामदारला कॅप्टन केलं आणि 1 मार्च 2024 ला हैदराबादमध्ये हरयाणा स्टीलर्सला 28-25 नं हरवून पहिलं विजेतेपद मिळवलं. हिशोबही मस्त होता. टीमची पर्स पाच कोटींची, त्यातले 2 कोटी 35 लाख एकट्या मोहम्मदरेझा शादलूवर. ही चैन परवडली कशी? बाकीची बरीचशी पोरं टीमनं आधीपासून हाताशी धरून वाढवलेली, लिलावातल्या चढ्या भावानं घ्यावी लागली नव्हती. तरुण खेळाडू म्हणजे नुसते वेगवान पाय नाहीत, ती बचतही असते. एचआरला हे फार लवकर कळतं.

पण पुढच्याच वर्षी शादलू 2 कोटी 7 लाखांना हरयाणाकडे गेला, सीझनच्या मध्यात अस्लम जखमी झाला आणि गतविजेते प्लेऑफलाही पोहोचले नाहीत. चॅम्पियन झाली हरयाणा!

आणि उलटं उदाहरणही आहे. यू मुंबा. अनुप कुमारच्या जुन्याजाणत्या टीमनं 2014, 2015 आणि 2016 अशा पहिल्या तिन्ही फायनल गाठल्या, 2015 ची जिंकली. मग 2016 च्याच चौथ्या सीझनला सेमीफायनलसुद्धा नाही. अनुपला मी देव मानायचो, त्यामुळे ते बघवलं नाही. गंमत म्हणजे 2021-22 च्या सीझनला हाच अनुप पुण्याचा कोच होता, आणि राहुल चौधरीसारखा लीगचा पोस्टर बॉय हाताशी असताना चढायांचा भार आला अस्लम आणि मोहित गोयतवर. नवी पोरं! सीनियरांचं काय होतं, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक?

त्याच सीझनला चॅम्पियन कोण झालं माहितेय? दिल्लीच. चढाईला 22 वर्षांचा नवीन कुमार आणि बचावाच्या फळीत मनजित छिल्लर, जोगिंदर नरवाल, जीवा कुमार. जीवा तर चाळिशीचा! लिलावानंतर मी या टीमला मनसोक्त हसलो होतो. फायनल त्यांनी एका गुणानं जिंकली, 37-36.

हे कोडं आप्पांनी सोडवलं. ते तरुणपणी मिरजेतल्या एका मंडळाकडून उजव्या कोपऱ्यात खेळायचे. आमचा जिल्हा तसा कबड्डीचाच, कासेगावचा काशिलिंग आडके इथलाच. "चढाई पायांची," आप्पा म्हणाले, "ती पोरानंच करावी. कोपरा डोळ्यांचा. कोपऱ्यात पोरगं लवकर उडी मारतंय रं. थांबाय कळत न्हाई त्याला. गडी वळंस्तोवर थांबायचं असतं."

दुसऱ्या दिवशी सतारमेकर गल्लीतून जाताना मुद्दाम रेंगाळलो. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये जीआय टॅग मिळालाय. पॉलिशला बसलेला पोरगा विशीतला, हात झपझप चालत होते. जवारी काढायला मात्र एक म्हातारबाबा. किंचित घासायचं, तार छेडायची, ऐकायचं, पुन्हा घासायचं. तिथे कुणालाच घाई नव्हती.

आमच्या टीममध्ये कोपरा कुठला? रात्री दोनचा रिलीज. सर्व्हर बसला की फ्रेशर्सची बोटं कीबोर्डवर नाचायला लागतात आणि काका म्हणतात, "कुणी हात लावू नका. आधी लॉग वाचा." मागच्या वर्षी या एका वाक्यानं आम्हाला दोनदा वाचवलंय. पण खरं सांगायचं, तर काकांनी चार वर्षांत नवीन काहीही शिकलेलं नाही, आणि रोजची तिकिटं पोरं त्यांच्या दुप्पट वेगानं मिटवतात. काका फझल आहेत की 2016 ची यू मुंबा, हे मला शनिवारी रात्रीही ठरवता येईना.

रविवारी कोयनेत बसून शीट पुन्हा उघडली. 'नाव' हा रकाना रिकामा ठेवला. खाली लिहिलं: फ्रेशर दोन नाही, एकच. काकांकडून रोजची तिकिटं काढून घ्यावीत, रात्रीचे रिलीज त्यांच्याकडे द्यावेत, आणि प्रत्येक रिलीजला एक ज्युनियर त्यांच्या शेजारी बसवावा. पैसे तरीही थोडे कमी पडत होते. कराडला चहा घेतला आणि माझ्या या वर्षीच्या इन्क्रिमेंटचा आकडा अर्धा करून टाकला. (बायकोला अजून सांगितलेलं नाही. हा अंक घरी येतो, म्हणजे आता कळेलच.)

सोमवारी बॉसनं शीट वर-खाली केली. "नाव कुठंय?"

म्हटलं, "खाली वाचा."

त्यानं वाचलं, माझ्याकडे बघितलं. "एक वर्ष देतो. तोवर त्या ज्युनियरला हे सगळं यायला पाहिजे."

काकांना रिलीजचं सांगायला गेलो, तर म्हणाले, "रात्रीचं मीच का? पोरांना सांग की."