हाताच्या सांध्यांच्या शस्त्रक्रिया आणि देयकांचे संकेतांक

शस्त्रक्रिया कशी केली याविषयी आपण वैद्यकीय परिषदांमधून भरभरून बोलतो. तिची नोंद कागदावर कशी होते याविषयी मात्र क्वचितच. वास्तविक रुग्णाला विम्याचे पैसे मिळणार की नाही, हे पुष्कळदा या नोंदीवरच ठरते. ‘मेडिकल बिलिंग’ आणि ‘कोडिंग’ हे शब्द आपल्या हैदराबादेत आता घरोघरी परिचित आहेत. अमेरिकेतील रुग्णालयांच्या नोंदींना संकेतांक देण्याचे काम येथील अनेक कंपन्यांतून चालते, आणि आपल्या मराठी मंडळींची मुलेमुलीही ते करतात. हे शास्त्र नेमके काय आहे, हे हाताच्या लहान सांध्यांच्या उदाहरणावरून समजून घेण्याचा हा प्रयत्न आहे.

दोन प्रश्न, दोन संकेतांक

प्रत्येक देयकाला दोन प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात : रुग्णाला काय झाले होते, आणि डॉक्टरांनी काय केले?

पहिल्याचे उत्तर ‘आयसीडी’ या रोगवर्गीकरणाने दिले जाते. त्याचे मूळ झाक बर्तियाँ या फ्रेंच संख्याशास्त्रज्ञाने १८९३ साली मांडलेल्या मृत्युकारणांच्या यादीत आहे. पुढे ते काम जागतिक आरोग्य संघटनेकडे आले. या वर्गीकरणाची दहावी आवृत्ती १९९० मध्ये संमत झाली. अमेरिकेने तिचे स्वतःचे विस्तारित रूप १ ऑक्टोबर २०१५ पासून लागू केले. अकरावी आवृत्ती जागतिक पातळीवर १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली; परंतु अमेरिकेतील देयके अद्याप दहाव्या आवृत्तीवरच चालतात.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर तेथे ‘सीपीटी’ हे पाच अंकी संकेतांक देतात. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने ते प्रथम १९६६ मध्ये प्रसिद्ध केले. १९८३ पासून तेथील मेडिकेअर या सरकारी योजनेने ते स्वीकारले. दरवर्षी त्यांत फेरबदल होतात. हे दोन्ही संकेतांक परस्परांशी जुळले पाहिजेत. उजव्या हाताच्या रोगाला डाव्या हाताची शस्त्रक्रिया जोडलेली आढळली, की दावा परत आलाच म्हणून समजावे.

अंगठ्याच्या मुळाचा सांधा

उतारवयात, विशेषतः स्त्रियांमध्ये, अंगठ्याच्या मुळाशी असलेला सांधा झिजतो. बरणीचे झाकण उघडणे, किल्ली फिरवणे, पोळ्या लाटणे यांसारखी साधी कामेही कष्टाची होतात. औषधे, पट्टी व इंजेक्शन यांनी भागले नाही, तर शल्यविशारद ट्रॅपेझियम हे लहानसे हाड काढून टाकतात. मनगटाच्या एका कंडरेचा भाग वळवून अंगठ्याच्या हाडाला आधार देतात, आणि उरलेल्या कंडरेची गुंडाळी करून रिकाम्या जागेत बसवतात.

हा रोग उजव्या हाताला, प्राथमिक स्वरूपाचा असेल, तर अमेरिकन पद्धतीत त्याचा संकेतांक एम १८.११ होतो, डाव्या हाताला एम १८.१२, आणि दोन्ही हातांना एम १८.०. शस्त्रक्रियेचा भाग अधिक नाजूक आहे. पूर्वी संधिरोपणासाठी २५४४७ हा संकेतांक वापरीत आणि कंडरा वळवण्यासाठी दुसरा संकेतांक जोडीत. दुसऱ्याचे पैसे स्वतंत्रपणे द्यावेत की नाही, यावर वाद होत असत. २०२५ पासून कंडरेचा आधार देऊन केलेल्या या शस्त्रक्रियेला २५४४८ असा स्वतंत्र संकेतांक मिळाला असून कंडरा वळवण्याचे काम त्यातच समाविष्ट आहे. केवळ जागा भरली, आधार दिला नाही, तर २५४४७ कायम आहे.

मनगटातील एखादे हाड काढण्याला २५२१० हा स्वतंत्र संकेतांक आहे. पण वरील शस्त्रक्रियेत हाड काढणे हा तिचाच एक टप्पा असतो. त्याचे पैसे वेगळे मागता येत नाहीत. एकाच शस्त्रक्रियेचे तुकडे करून प्रत्येकाचे मूल्य मागणे यास तेथे गैरप्रकार मानतात, आणि असे तुकडे ओळखण्यासाठी मेडिकेअरने १९९६ पासून नियमावलीच लागू केली आहे.

बोटांचे सांधे

संधिवाताने वाकड्या झालेल्या बोटांत तळहाताजवळच्या सांध्यात सिलिकोनचा कृत्रिम सांधा बसवला, तर संकेतांक २६५३१; तो प्रत्येक सांध्याला स्वतंत्रपणे लागतो. बोटाच्या मधल्या सांध्यात बसवला तर २६५३६. सांधा न बदलता तो जखडून टाकला, तर बोटाच्या पेरांमधील सांध्यासाठी २६८६०, आणि पुढील प्रत्येक सांध्यासाठी २६८६१.

कोणते बोट, हे सांगण्यासाठी जोडचिन्हे आहेत. डाव्या अंगठ्याला एफए, मग करंगळीपर्यंत एफ १ ते एफ ४. उजव्या अंगठ्याला एफ ५, आणि करंगळीला एफ ९. म्हणजे उजव्या हाताच्या तर्जनी व मध्यमा या दोन बोटांत कृत्रिम सांधे बसवले, तर २६५३१ दोनदा येईल : एकदा एफ ६ सह, एकदा एफ ७ सह. रोगाच्या नोंदीतही रक्तातील ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर आढळला की नाही हे लिहावे लागते. आढळल्यास एम ०५.७४१, न आढळल्यास एम ०६.०४१.

नव्वद दिवसांचे बंधन

मोठ्या शस्त्रक्रियेच्या मूल्यात मेडिकेअर आदला दिवस, शस्त्रक्रियेचा दिवस आणि पुढील नव्वद दिवस धरते. टाके काढणे, नेहमीच्या भेटी यांचे शुल्क शल्यविशारदाला वेगळे मिळत नाही. या काळात दुसऱ्या हाताच्या अंगठ्यावर शस्त्रक्रिया झाली, तर ती वेगळी आहे हे दाखवण्यासाठी ७९ हे जोडचिन्ह लागते. पहिल्याच शस्त्रक्रियेच्या गुंतागुंतीमुळे पुन्हा शस्त्रक्रियागृहात न्यावे लागले, तर ७८. दोन अंकांचा हा फरक विसरला, तर योग्य दावाही नाकारला जातो.

आपल्यासाठी बोध

आपल्याकडे सीपीटीचा वापर सक्तीचा नाही. आयुष्मान भारतसारख्या योजनांत, म्हणजे २०१८ पासून, ठरावीक पॅकेजप्रमाणे रक्कम मिळते. तथापि आरोग्य विम्याच्या दाव्याच्या प्रमाणित अर्जाचा जो भाग रुग्णालयाने भरावयाचा असतो, त्यात आयसीडी-१० चे रकाने आहेत. ते अनेकदा घाईत, मुख्य रोगाऐवजी ढोबळ संज्ञा लिहून भरले जातात. विमा नियामकाच्या मे २०२४ च्या परिपत्रकानुसार कॅशलेस मंजुरी एका तासात आणि घरी सोडतानाची अंतिम मंजुरी तीन तासांत मिळावयास हवी. ही तत्परता प्रत्यक्षात येण्यासाठी आपली कागदपत्रेही निःसंदिग्ध हवीत. एरवी शंका-निरसनाच्या पत्रव्यवहारात रुग्णाचे नातेवाईक तासन्‌तास खिडकीपाशी ताटकळतात.

संकेतांक देणारा कर्मचारी शस्त्रक्रियागृहात नसतो. त्याच्यापुढे केवळ आपली नोंद असते. नोंदीत जे नाही ते घडलेच नाही, असे तो मानतो, आणि त्याने तसेच मानले पाहिजे. म्हणून प्रत्येक नोंदीत बाजू, बोट, सांधा, रोगाचे कारण, केलेली कृती आणि बसवलेल्या कृत्रिम सांध्याचा तपशील या सहा गोष्टी असाव्यात. यास दोन मिनिटे अधिक लागतात. पण डॉक्टरला केलेल्या कामापेक्षा एक पैसाही जास्त मिळू नये, आणि रुग्णाला हक्काचा एक पैसाही कमी मिळू नये, ही दोन्ही उद्दिष्टे या दोन मिनिटांतच साधली जातात.